हजेरी आणि खाडा

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तोवर बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना कुलपं लागलेली असतील. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई, आष्टी, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात कुठंही जा. दसऱ्याला सावरगाव घाटचा मेळावा होतो, आपट्याची पानं वाटून होतात, आणि मग ऊसतोडीला जाणाऱ्यांना न्यायला गावात ट्रक-ट्रॅक्टर शिरायला लागतात. पिठाचा डबा, तवा, पत्र्याची पेटी, कोपीसाठी, म्हणजे तिकडच्या झोपडीसाठी, चटया न् बांबू, ताडपत्री, दोन-चार कोंबड्या, जमलं तर शेळी. घर उतरवून ट्रॉलीत भरायला फार वेळ लागत नाही. मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि, ठरलं तर, लेकरं.

ते 'ठरलं तर' कसं ठरतं, ते मला लिहायचं आहे.

त्याचं निमित्त मात्र पुण्यातलं. ओळखीतल्या एका जोडप्याने मुलीला दुसरीतून शाळेतून काढलं. दोघंही शिकलेले, घरात पुस्तकांच्या भिंती, आई घरून काम करणारी. मुलगी आता स्वयंपाकघरात अपूर्णांक शिकते, टेकडीवर पक्षी ओळखते, मनात आलं तर दिवसभर एकच गोष्ट वाचत बसते. त्यांचे मुद्दे खोडून काढण्यासारखे नव्हते. चाळीस मुलांना एकाच वेगाने हाकायचं, घंटेवर भूक न् घंटेवर कुतूहल, दर महिन्याला परीक्षा. मूल शिकतंच, शाळा फक्त मध्ये येते, असं त्या बाई म्हणाल्या. मला पटलंही. पण चहाचा कप हातात असताना डोक्यात फिरत होती ती आजोळच्या गावातली, दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशीची शाळा. दुसरं सत्र सुरू होतं, गुरुजी हजेरी घेतात, आणि नावामागून नाव निघतं, उत्तर येत नाही. पाचवं, सहावं, सातवं. मग उरलेल्यांतला एखादा न विचारताच सांगतो, "गेलं ते, गुरुजी. कारखान्याला."

ती मुलंही शाळेबाहेर शिकतच असतात. पुण्यातल्या पालकांची भाषा वापरायची तर अगदी अनुभवातून. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून विकायच्या, त्याचा हिशेब तोंडी. मोळ्या मोजायच्या, गाडी किती टनाला भरेल याचा अंदाज बांधायचा. तीन दगडांची चूल मांडायची, धाकट्याला झोळीत निजवायचं, कोल्हापूरच्या बोलीतला 'आलोय' आणि बेळगावकडचं थोडं कानडी उचलायचं. शहरातली मुलं शेतावर चार दिवस राहायला पैसे भरून जातात. इथं पाच-सहा महिने आहेत, तेही फुकट. हे मी उपरोधाने लिहितो आहे हे खरं, पण पूर्ण उपरोधाने नाही. उसाच्या फडावरून परतलेल्या पोरांना बाजारहाटाचं जे गणित येतं ते चौथीच्या पुस्तकात बसणारं नसतं. मग कमी काय पडतं? याचं उत्तर मला बरेच दिवस नीट देता येत नव्हतं.

आधी कोयत्याचा हिशेब समजून घेऊ, कारण लेकराचा निर्णय त्याच्या पोटात आहे. ऊसतोडीत मजूर माणसांनी मोजत नाहीत, कोयत्यांनी मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यात मुकादम कोयत्यामागे उचल देतो. घराचं छप्पर, दवाखाना, लग्न, पेरणी यांत ती सरते, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. तोडणीच्या दरात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, तरी उचल फिटून हातात काय राहिलं हे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, कळत नाही. एखादा दिवस काम चुकलं तर तो खाडा. अंगात ताप असो, बाईची पाळी असो, पोटुशी असो, खाडा तो खाडा. पैसे कापले जातात. जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांची चर्चा २०१९ मध्ये देशभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहिलेल्या माहितीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्या आकड्याला कारणं अनेक आहेत, पण बायकांशी बोलताना खाड्याचा विषय टळत नाही.

अशा हिशेबात आई पहाटे तीन-चारला फडात उतरते. कोपीत तान्हं आहे. त्याला कोण बघणार?

इथं मुलीचं वय आडवं येतं. मुलगा आठ-दहा वर्षांचा असेल तर तो बहुतेक आजीजवळ राहतो, कारण त्याच्या शिकण्यावर घराची आशा असते. त्याच वयाची मुलगी असेल तर ती ट्रॉलीत चढते, कारण तिच्या हाताला आत्ताच काम आहे. भाकरी थापणं, पाणी आणणं, धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसणं. चौथीतली मुलगी दसरा-दिवाळीच्या सुमारास गेली की वार्षिक परीक्षेच्या आसपास परत येते. पाचवीतही तसंच. सहावीत तिचं तिलाच शाळेत बसायला लाजल्यासारखं होतं, कारण शेजारच्या बाकावरची धडधड वाचते.

आणि तेरा-चौदाची झाली की गणित उलटं फिरतं. आता तिला गावात ठेवायचं तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. न्यायचं तर कोपीला दार नसतं, चहूकडे परकी माणसं. दोन्हीकडे भीतीच. मग तिसरा मार्ग निघतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा २१.९ आहे, म्हणजे निम्मा. याला नुसती 'मानसिकता' म्हणून मोकळं होता येत नाही. लग्न झालं की पोरगा अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो, उचल वाढते, आणि मुलीच्या आईबापाची रात्रीची काळजी दुसऱ्याच्या कोपीत जाते. याच जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. जन्माला येण्यापासून मुलीला किती ठिकाणी गाळलं जातं, ते या दोन आकड्यांच्या मध्ये वाचावं.

तेव्हा 'घरी शिकवायचं की शाळेत' हा प्रश्न इथं 'कुठल्या घरी' असा होतो. आईच्या घरी, म्हणजे फडावर? की आजीच्या घरी, म्हणजे गावच्या जिल्हा परिषद शाळेजवळ? शहरातल्या पालकांना मूल आईजवळ ठेवण्यासाठी शाळा सोडावी लागते. इथं शाळा ठेवण्यासाठी आई सोडावी लागते. सहा वर्षांचं पोर पाच महिने आईशिवाय काढतं, हे सरकारी भाषेत 'स्थलांतर रोखले' असं लिहिलं जातं. ताप आला तर रात्री कुणाला उठवायचं, डोक्यातल्या उवा कोण काढणार, फोन लागला की रडू आवरायचं कसं, हे त्या रकान्यात येत नाही. आजीला नीट दिसत नाही, चूल पेटवताना हात थरथरतात. लेकराला मागं ठेवणाऱ्या आईला मी कधीच कठोर म्हणणार नाही, आणि नेणाऱ्या आईला अडाणी.

आता कायद्याकडे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र नाही. होमस्कूलिंग हा शब्द कायद्यात नाही. परवानगी नाही, थेट बंदीही नाही. पुण्यातलं ते जोडपं या फटीत राहतं आणि सुखात राहतं, कारण पुढची दारं त्यांना माहीत आहेत: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, दहावी-बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. 'स्वशिक्षण' नावाची अशा पालकांची संघटना आहे, तिचे मेळावे भरतात. मुंबईची एक मुलगी सातवीत शाळा सोडून घरी शिकली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली; बारावीचा कागद नाही म्हणून आपल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं. ही गोष्ट होमस्कूलिंगच्या प्रत्येक बैठकीत निघते. विनोबांचीही निघते. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून घरातून निघालेले विनोबा सुरतेला गाडी बदलून काशीला गेले, त्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली होती. गोष्ट मोठी खरीच. पण प्रमाणपत्रं जाळायला आधी ती हातात असावी लागतात.

याच कायद्याने बीडच्या मुलांचं काय केलं, ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्याआधी राज्यात साखरशाळा होत्या. जनार्थसारख्या संस्थांनी त्या कारखान्यांच्या तळांवर चालवल्या. बैलगाडी घेऊन जाणाऱ्या टोळ्या, म्हणजे गाडीसेंटर, हंगामभर कारखान्याजवळ एकाच ठिकाणी उतरतात. तिथं शेकडो कोप्यांची वस्ती होते आणि शाळा मांडता येते. चटईची भिंत, फळा, गावाकडचाच एखादा शिक्षक, आणि धाकट्याला मांडीवर घेऊन बसायची मुभा. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. भावाला घेऊन वर्गात बसू दिलं तरच बहिणीला वर्ग मिळतो. डोकीसेंटर, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या टोळ्या, आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्यांपर्यंत मात्र साखरशाळा पोचणं अवघडच होतं. त्या फडामागे हिंडतात, आज इथं तर पंधरा दिवसांनी तिसऱ्याच गावाच्या शिवारात.

साखरशाळा सर्वगुणसंपन्न नव्हत्या. दोन-तीन वर्गांची पोरं एकत्र, संध्याकाळची अंधारी वेळ, देणगी आटली की शाळा आटली. पण हक्काचा कायदा आला आणि म्हणाला, मूल औपचारिक, मान्यताप्राप्त शाळेतच हवं. साखरशाळा अनौपचारिक ठरल्या आणि हळूहळू मिटल्या. मुलांना फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचं, वयाला साजेशा वर्गात. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी, असं कलम ९ स्पष्ट सांगतं. राज्याने शिक्षण हमी कार्ड काढलं: गावच्या गुरुजींनी मूल कोणत्या इयत्तेत, कितपत शिकलं ते लिहून द्यायचं, तिकडच्या शाळेने ते पाहून दाखल करून घ्यायचं. कल्पना चांगली आहे. फक्त फडापासून शाळा दोन-अडीच किलोमीटरवर, मध्ये उसाच्या गाड्यांचा रस्ता, आणि मूल शाळेत गेलं तर तान्हं कोणाजवळ, हा जुना प्रश्न तिथंच. टोळी कर्नाटकात असेल तर शाळा कानडी.

मला इथं कोसबाड आठवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी पोरांना दटावलं नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मूल कामाच्या जागी असेल तर शिक्षकाने तिथं जावं, इतकी साधी गोष्ट. त्यालाही कित्येक दशकं झाली, आणि आपण अजून मुलाला कार्ड देऊन शाळेकडे पाठवतो आहोत.

गावात ठेवायचं ठरलंच तर पर्याय आहेत, ते आखडून सांगतो. विमुक्त जाती, भटक्या जमातींच्या मुलांसाठीच्या आश्रमशाळा आहेत. तांड्यांवरची आणि वंजारी समाजाची बरीच मुलं त्यांतून शिकली, शाळेशाळेत फरक मात्र फार. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं 'शांतिवन' आहे. ऊसतोड्यांची, आधार गेलेल्या घरांतली मुलं तिथं राहून शिकतात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहं काढायचा निर्णय सरकारने २०२१ मध्ये घेतला. राज्यातल्या ४१ तालुक्यांत ८२, म्हणजे तालुक्याला मुलांचं एक न् मुलींचं एक, प्रत्येकी शंभर जागा. ज्यांची परिस्थिती थोडी बरी, ते बीडला किंवा अंबाजोगाईला खोली करतात. बाप एकटा अर्ध्या कोयत्यावर जातो, आई पोरांसाठी थांबते आणि चार घरची धुणीभांडी धरते.

सगळ्यांत जास्त मुलं मात्र जिच्यावर तगतात ती गोष्ट म्हणजे हंगामी वसतिगृह. गावच्याच शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचं, हंगामापुरतं. नाव वसतिगृह असलं तरी पुष्कळ ठिकाणी मुलं तिथं जेवतात, अभ्यास करतात आणि झोपायला आजीकडे जातात. स्वयंपाकीण गावातलीच. अनुदान उशिरा येतं, पटाच्या आकड्यांवरून भांडणं होतात, भाजी पातळ असते. तरी जिथं ते नीट चालतं तिथं दसऱ्याच्या आसपासचा घरातला वाद बदलतो. 'पोरीला कोण खायला घालणार' हा प्रश्न सुटला की 'धाकट्याला कोण सांभाळणार' या एकट्या प्रश्नावर तिला नेणं आईबापालाच जड जातं. कधीकधी पोरीऐवजी म्हातारीच फडावर जाते, तान्ह्याला सांभाळायला. असली तडजोड कुठल्या शासन निर्णयात सापडणार नाही.

आणि तेवढ्यात दुसरीकडून घाव. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारने मांडला. राज्यात तेव्हा अशा शाळा चौदा हजारांहून जास्त होत्या. राज्याच्याच नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. बीडच्या वाड्या-तांड्यांवरची शाळा डिसेंबरात मोजली तर तिचा पट कमीच भरणार, कारण पोरं फडावर. ती शाळा मिटली तर पुढच्या वर्षी उरलेली पोरंही ट्रॉलीत.

करोनाच्या वर्षी सगळा महाराष्ट्र होमस्कूलिंग करत होता. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी घोषणा होती. पुण्यातल्या त्या जोडप्याला मुलीला शाळेतून काढण्याची कल्पना तेव्हाच सुचली. मुलगी घरी जास्त खुलली म्हणाले. बीडकडे शाळा बंद म्हणजे दुपारचं जेवण बंद, हंगामी वसतिगृह बंद. घरात एक मोबाइल, तोही बापाबरोबर फडावर. त्या हंगामात मागं ठेवण्यासारखं कारणच उरलं नाही, म्हणून पोरं गेली, आणि बरीच मोठी मुलं कोयता धरूनच परतली. बऱ्याच मुलींची लग्नं कमी खर्चात उरकली, मांडव नको, पंगत नको. 'कमी काय पडतं' या आधीच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच सापडलं. त्या वर्षी मुलं शिकली नाहीत यापेक्षा, त्यांना कुणी विचारलं नाही, हे जास्त घडलं. गावच्या शाळेत शिकवणं कसं चालतं यावर मी भरवसा ठेवणार नाही. पाचवीतलं मूल दुसरीचं पुस्तक अडखळत वाचताना मी पाहिलं आहे. पण रोज सकाळी कुणीतरी नाव घेतं, आणि नावाला उत्तर आलं नाही तर घरी निरोप जातो. 'पोरगी का नाही आली?' एवढा प्रश्न गावात विचारणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे सरकारी पगारावरचे गुरुजी किंवा बाई. ठरलेली लग्नं मोडली गेली आहेत ती या प्रश्नामुळे.

पुण्यातल्या मुलीला शाळेची गरज नाही, कारण तिला विचारणारे दहा आहेत. आजोबा व्हिडिओवर विचारतात, डॉक्टर विचारते, चित्रकलेच्या क्लासची ताई विचारते. तिची हजेरी घेणारं जग शाळेबाहेर आहे. म्हणून माझं मत कुणी विचारलंच तर पुण्यात मी म्हणेन, ठेवा घरी, खुशाल. बीडमध्ये म्हणेन, गावातच ठेवा, त्यातही मुलीला आधी. आणि हे म्हणताना मला माहीत आहे की पाच महिने रात्री कूस बदलणारं लेकरू माझं नसणार.

मार्च-एप्रिलात पट्टा पडतो. ट्रॉल्या परततात. अंगणात पेट्या उतरतात, कोंबड्या जुन्या खुराड्याकडे धावतात, पोरं रापलेली, केस तांबूस झालेले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आई मुलीला घेऊन शाळेत येते, कनवटीतून घडी घातलेलं हमी कार्ड काढून टेबलावर ठेवते. गुरुजी उलगडून पाहतात. पुढची बाजू त्यांच्याच अक्षरात, ऑक्टोबरची. मागची बाजू, जिथं तिकडच्या शाळेने तारीख टाकून सही करायची, कोरी.

त्याच दिवशी संध्याकाळी मुकादमाच्या ओट्यावर हिशेब असतो. तो वही उघडतो आणि वाचत जातो: मार्गशीर्षात दोन खाडे, संक्रांतीला एक, पोरगं आजारी होतं तेव्हाचे तीन.